लहान शाळेतला सहावी ते आठवीचा पट: ३० सप्टेंबरचा आकडा जुळवायचा कसा

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत सहावी, सातवी, आठवी मिळून चाळीस-पन्नास मुलं असतात. एवढ्यांची माहिती भरायला असा किती वेळ लागतो, असं बाहेरच्याला वाटतं. भरायला लागत नाही, जुळवायला लागतो. एकाच पोराची नोंद जनरल रजिस्टरात एक, हजेरीत दुसरी, यूडायस प्लस या केंद्राच्या शाळा-माहिती पोर्टलवर तिसरी आणि आधारवर चौथी. हजार मुलांच्या शाळेत एखादं नाव इकडचं तिकडे झालं तर खपून जातं. इथे शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात, त्यामुळे एका नावाने पद हलतं. म्हणून जुलैत कामाला बसावं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पोर्टलच्या फिरत्या चकतीकडे बघण्यात जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी दरवर्षी तेच होतं.

पहिलं काम रजिस्टरावर

पोर्टल उघडण्याआधी चार गोष्टी टेबलावर घ्या: जनरल रजिस्टर, गेल्या एप्रिलची हजेरी, निकालपत्रक, आणि आलेल्या-दिलेल्या दाखल्यांची फाइल. मग एका कोऱ्या तक्त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ करा. रकाने असे: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख, धर्म, जात, राज्याचा प्रवर्ग, केंद्राचा प्रवर्ग, मातृभाषा, पेन क्रमांक (पोर्टलवरचा मुलाचा कायमचा क्रमांक), आधारची स्थिती, शेरा. ओळी रजिस्टर क्रमांकाच्या क्रमाने लावा, हजेरीच्या क्रमाने नको. हजेरीत मुलगे आधी, मुली नंतर असतात आणि दरवर्षी क्रम बदलतो. रजिस्टर क्रमांक बदलत नाही.

आता पटाचा हिशोब. समजा, गेल्या वर्षाअखेर पाचवीत १३, सहावीत १६, सातवीत १५ आणि आठवीत १४ मुलं होती. आठवीची १४ दाखला घेऊन हायस्कूलला गेली. पाचवीतलं एक मूल वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही अडकलं, म्हणजे सहावीत १२ आली. सातवीत १६ आणि आठवीत १५ धरून वरच्या तीन वर्गांचा आरंभीचा पट ४३. जून ते सप्टेंबरात शेजारच्या वस्तीवरच्या शाळेतून सहावीत ४ आणि सातवीत १ मूल दाखल झालं. सहावीतून १, सातवीतून २, आठवीतून १ गेलं. मग ३० सप्टेंबरला सहावी १५, सातवी १५, आठवी १४, एकूण ४४. ताळा असा: ४३ अधिक ५ वजा ४.

हा ४४ आणि त्या दिवशीच्या हजेरीवरची नावं एक आलीच पाहिजेत. नाही आली, तर चूक बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी सापडते. एक, दाखला दिला पण हजेरीतलं नाव तसंच राहिलं, आणि गुरुजी रोज त्याच्यापुढे गैरहजेरी मांडतायत. दोन, मूल वर्गात बसतंय पण जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून रजिस्टरात घेतलेलं नाही. हे कायद्यातच बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, आणि वयाचा पुरावा नसला तरी कलम १४ प्रवेश नाकारू देत नाही. मूल आलं त्या दिवशी नोंद करा, दाखल्याची वाट शेऱ्यात लिहा. तीन, दिवाळीत नाव कमी करून गेलेलं मूल परत आलं, त्याला नवा क्रमांक दिला, पण जुन्या ओळीत शाळा सोडल्याची तारीख टाकायची राहिली. कागदावर ते पोर दोनदा शिकतंय.

पाचवीच्या अडकलेल्या मुलाबद्दल एक सूचना. राज्यात पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आहे. त्यामुळे 'गेल्या वर्षीची पाचवी म्हणजे यंदाची सहावी' ही जुनी सवय मोडावी लागते. फेरपरीक्षेचा निकाल हातात आल्याशिवाय सहावीची यादी पक्की करू नका.

पोर्टलवर नवं मूल तयार करण्याचा मोह

यूडायस प्लसवर २०२२-२३ पासून मुलामुलाची स्वतंत्र माहिती भरली जाते. त्याआधी वर्गवार बेरजा भरल्या की सुटका होती. आता प्रत्येक मुलाला ११ अंकी पेन क्रमांक असतो आणि तो शाळा बदलली तरी बदलत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला आधी प्रोग्रेशन पुरं करायचं: मूल वरच्या वर्गात गेलं का, टक्के किती, हजर दिवस किती, आणि आता ते याच शाळेत आहे की दाखला घेऊन गेलं. गेलेलं मूल पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, जातं आणि नवी शाळा त्याला तिथून इम्पोर्ट करते. तुमची शाळा आठवीपर्यंतच असेल तर आठवीच्या १४ मुलांचं प्रोग्रेशन तुम्ही अडवून ठेवलं की हायस्कूलचं काम अडतं. तिथला लिपिक आठ दिवस फोन करतो आणि मग वैतागून मुलाची नवी नोंद करून मोकळा होतो.

मोठा घोटाळा इथेच होतो. सहावीत येणारं मूल पाच वर्षं कुठल्यातरी शाळेत शिकलेलं असतं, म्हणजे त्याचा पेन कुठेतरी असतोच. सहावीत अगदी नवी नोंद लागते ती फक्त कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला. दाखल्यावर पेन नसेल तर आधीच्या शाळेला विचारा. त्यांनी सोडलं नसेल तर पोर्टलवरूनच रिलीज रिक्वेस्ट पाठवा आणि त्या मुख्याध्यापकांना फोनही करा, कारण रिक्वेस्ट त्यांनी उघडून बघितली तरच पुढे सरकते. घाईत नवी नोंद केली तर एका आधारवर दोन मुलं दिसतात, दोन्ही शाळांचं काम लटकतं आणि ते सोडवायला गटसाधन केंद्रात खेटे घालावे लागतात.

आपल्या शाळेची ओळखही एकदा तपासून घ्या. यूडायस कोड ११ अंकी असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. एकाच गावात मुलांची, मुलींची आणि उर्दू अशा तीन शाळा असतील तर फरक फक्त शेवटच्या दोन अंकांत असतो. दाखल्यावर शेजारच्या शाळेचा कोड छापला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

प्रवर्गाचा रकाना: सगळ्यात जास्त चुका इथे

राज्याच्या कागदांत खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, भज-क, भज-ड (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागास वर्ग) असे प्रवर्ग चालतात, आणि मराठा आरक्षणाच्या २०२४ च्या कायद्यानंतर एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग). यूडायसच्या अर्जात मात्र चारच घरं: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास. विजाभज आणि विमाप्रला तिथे स्वतंत्र जागा नाही. ती मुलं बहुतेक वेळा इतर मागासमध्ये जातात. एसईबीसीचं मूल केंद्राच्या घरात सर्वसाधारण.

वरच्या ४४ मुलांची वाटणी समजा अशी आहे: अनुसूचित जाती ९, अनुसूचित जमाती ३, विजा-अ ८, भज-ब १, भज-क ७, भज-ड ५, विमाप्र १, इमाव ६, खुला ४. बीड-अहिल्यानगरच्या पट्ट्यात बंजारा, धनगर, वंजारी कुटुंबं एकाच वर्गात असली की वाटणी साधारण अशी दिसते, म्हणजे अनुक्रमे विजा-अ, भज-क, भज-ड. केंद्राच्या अर्जात हेच ४४ असे जातील: अनुसूचित जाती ९, अनुसूचित जमाती ३, इतर मागास २८, सर्वसाधारण ४. अठ्ठावीस कसे, तर ८, १, ७, ५, १ आणि ६. ही बेरीज तक्त्याच्या खाली लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कोणीतरी 'तुमच्याकडे इमाव सहा की अठ्ठावीस?' असं विचारणारच. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्या वेळी ते आठवत नसतं.

नेहमीची चूक 'जमाती' या शब्दाने होते. विमुक्त जाती-भटक्या जमातींतलं मूल नावात जमाती आहे म्हणून अनुसूचित जमातीत टाकलं जातं. पोर्टल अडवत नाही. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी उघडकीला येतं. आठवीतल्या विजाभज मुलीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावरून मंजूर होते आणि शाळेची नोंद वेगळंच सांगते. रक्कम लहान आहे, पण तिच्यासाठी वडील तालुक्याला दोन फेऱ्या मारतात आणि मजुरी बुडते.

धर्म आणि प्रवर्ग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बौद्ध कुटुंबातलं अनुसूचित जातीचं मूल प्रवर्गात अनुसूचित जातीत आणि अल्पसंख्याकात बौद्ध, असं दोन्हीकडे मोजलं जातं. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यामुळे 'बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल' या भीतीने धर्म बदलून लिहायचं कारण नाही, आणि 'बौद्ध म्हणजे अल्पसंख्याक, म्हणून सर्वसाधारण' असंही करायचं नाही. तसंच मुस्लीम समाजातल्या इमाव जातींचं. अल्पसंख्याक सहा: मुस्लीम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन. या रकान्याची बेरीज ४४ यायची नसते, तेव्हा ती जुळवण्याच्या मागे लागू नका.

कुणबी दाखल्यामुळे आणखी एक गुंता झालाय. सख्ख्या भावंडांत धाकट्याकडे कुणबी दाखला आणि थोरल्याची नोंद मराठा, असं घडतं. ज्याच्या नावाने कागद आहे त्याची नोंद त्या कागदाप्रमाणे, भावाच्या कागदावरून नाही. रजिस्टरातली मूळ नोंद खोडायची नाही, व्हाइटनर तर नाहीच. बदल करायचा तो शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, लाल शाईत, आदेशाचा क्रमांक-तारीख लिहून. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. तेव्हा मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेल्या ओळींना केवढी किंमत असते ते कळलं. तुम्ही आज लिहिताय ती ओळही उद्या कोणीतरी काढणार आहे.

बाकीचे रकाने

वय पटकन तपासता येतं. पहिलीला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हा धागा धरला तर सहावीचं मूल ११ पूर्ण, सातवीचं १२, आठवीचं १३. त्यात दोन वर्षांहून जास्त फरक दिसला तर तारीख टायपताना घसरली आहे की मूल खरंच वयानुरूप दाखल केलेलं शाळाबाह्य मूल आहे, हे रजिस्टर उघडून बघा. आणि एका वर्गात १ जून हा वाढदिवस चार-पाच जणांचा असेल तर ती मास्तरांनी दिलेली जन्मतारीख असण्याचीच शक्यता जास्त. जन्मदाखला मागवा.

दारिद्र्यरेषेखालील रकाना शिधापत्रिकेचा रंग ऐकून भरू नका, कागद बघा. पिवळी, अंत्योदय आणि केशरी हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि केशरी कार्डावर धान्य मिळतं म्हणून ते कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं होत नाही.

दिव्यांगत्वात गुरुजींचा अंदाज चालत नाही. 'अभ्यासात मागे आहे' म्हणून अध्ययन अक्षमता भरायची नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. तपासणी झाली असेल तर प्रमाणपत्रावरचा प्रकार भरा, झाली नसेल तर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला बोलवा. मातृभाषेचा रकाना वरून खालपर्यंत 'मराठी' भरण्याची सवय मोडा. घरी गोरमाटी, पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचं मराठी वाचन मागे का आहे, याचं उत्तर त्या एका शब्दात असतं.

आधार: नाव कुठलं खरं?

संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार वैध असलेली मुलं धरली जातात, म्हणून इथली लढाई खरी. नाव, लिंग, जन्मतारीख या तिन्हींपैकी एक चुकलं तरी मूल अवैध दाखवतं. आपल्याकडची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. पूजाचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे दोन 'ओ'चं, दुसरीकडे एका 'यू'चं. वडिलांच्या नावाला एकीकडे 'राव' आहे, दुसरीकडे नाही. आधार काढताना जन्माचं नुसतं साल सांगितलं, म्हणून तारीख १ जानेवारी पडलेली.

यूडायसवर शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. पहिल्यात रजिस्टर, दुसऱ्यात आधार, जसं छापलंय तसं. एवढ्याने बरीच नावं सुटतात. जन्मतारीख किंवा लिंग जुळत नसेल तर आधार केंद्रावरच जावं लागतं, आणि तिथे आधार बदलायचं जन्मदाखल्याप्रमाणे. आधार चुकलं म्हणून रजिस्टर वाकवणं हा सोपा दिसणारा मार्ग दहावीच्या अर्जाच्या वेळी अंगावर येतो. लहानपणी काढलेल्या आधारवर पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे दिलेले नसतील तर तेही याच फेरीत उरकून घ्या. अशा मुलांची यादी जुलैतच करून, पालकांना एक ठरलेला दिवस देऊन एकत्र पाठवलं की काम होतं. एकेकाला निरोप दिला तर गणपतीपर्यंत निम्मी राहतात.

अपार क्रमांक, म्हणजे केंद्राचा विद्यार्थी ओळख क्रमांक, त्यानंतर. त्याला पालकाचं संमतीपत्र लागतं; ते सहीनिशी फाइलला लावा.

ऊसतोड आणि ३० सप्टेंबर

बीड आणि आजूबाजूच्या तालुक्यांत ही तारीख फसवी आहे. ३० सप्टेंबरला टोळ्या अजून गावात असतात, वर्ग भरलेला असतो. दसरा-दिवाळीनंतर मुलं आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सीमेपलीकडच्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. ४४ च्या पटावर जानेवारीत २९ हजर दिसतात आणि तपासणीला आलेले साहेब भुवया उंचावतात.

त्याची तयारी सप्टेंबरातच करावी. जाणाऱ्या कुटुंबांची यादी मुकादमाकडून आणि पालकांकडून घ्या. कोणती मुलं आजी-आजोबांकडे राहू शकतात, किती जणांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यावा लागेल, हे त्यावरून कळतं. जी जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या आणि कार्डावर पेन क्रमांक ठळक लिहा. तिकडच्या शाळेने कार्डावर मुलाला बसवून घ्यायचं असतं, नवी नोंद करायची नसते. नाव तुमच्या पटावरच राहतं. कार्डाशिवाय गेलेलं मूल महिनाभर सलग गैरहजर राहिलं की शाळाबाह्य ठरतं.

यावरून लगेच पुढचा मोह आठवतो: गेलेल्यांना हजर मांडणं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजलं गेलं, आणि कागदावरच्या मुलांचे धागे पुढे कितीतरी वर्षं न्यायालयात उसवत राहिले. हमी कार्डाची स्थळप्रत दाखवता येणं हे खोट्या हजेरीपेक्षा कितीतरी बिनधोक.

आकडे वाचताना

४४ मुलांत एक मूल म्हणजे सव्वादोन टक्के. 'मुलींचं प्रमाण चार टक्क्यांनी घसरलं' या वाक्यात दोन मुली असतात, आणि त्या दोघींची नावं गुरुजींना माहीत असतात. म्हणून लहान शाळेत टक्केवारीचे तक्ते रंगवू नका, नावांनिशी बघा. ज्या वर्षी पहिलीत १८ होती, त्यातली आठवीत किती पोचली, उरलेली कुठे गेली? नवोदय, आश्रमशाळा, तालुक्याची इंग्रजी शाळा, स्थलांतर, लग्न. एका पानात मावतं.

पद टिकवायचं असेल तर मर्यादेच्या आसपासचे आकडे ओळखा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक शिक्षक असा आधार आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष २८ ऑगस्ट २०१५ च्या आणि पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले, आणि वीसच्या आतल्या पटाच्या वर्गांवरून वाद झाला. वर्ग वीसच्या घरात असेल तर तीन किलोमीटरच्या आतल्या पाचवीपर्यंतच्या शाळांची यादी एप्रिलमध्येच हाती घ्या आणि तिथल्या पालकांना मे संपायच्या आत भेटा. जूनमध्ये भेटलात तर बस लागलेली असते, कुणाच्या तरी इंग्रजी शाळेची.

हेच आकडे शाळा व्यवस्थापन समिती बनवतानाही लागतात. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल-वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्या लागतात. प्रमाण काढायचं ते या तक्त्यावरून, सरपंचांच्या सांगण्यावरून नाही. मात्र समितीपुढे किंवा फलकावर तक्ता लावताना दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषा हे रकाने झाका. 'आठवी, मुली, दिव्यांग: १' एवढं लिहिलं की गावात नाव सांगायची गरज उरत नाही.

सगळं भरून झालं की वर्गवार गोषवाऱ्याची छापील प्रत काढा आणि ती पोर्टलशी न ताडता रजिस्टरवरून केलेल्या तुमच्या तक्त्याशी ताडा: सहावी ८ मुलगे ७ मुली, सातवी ७ आणि ८, आठवी ८ आणि ६, एकूण २३ अधिक २१. जुळलं तर मुख्याध्यापकाची सही-शिक्का घालून एक प्रत केंद्रप्रमुखांकडे, एक फाइलला. ३ ऑक्टोबरला कोणी दाखल झालं तर ते मूल रजिस्टरात आणि हजेरीत त्याच दिवशी येईल, पोषण आहारात त्याचे १५० ग्रॅम तांदूळही त्याच दिवसापासून धरले जातील. ३० सप्टेंबरच्या तक्त्यात मात्र ते घुसवायचं नाही. खाली तारखेसह वेगळी ओळ लिहायची.